विटांत सांग

जेवणाच्या सुट्टीत मला वीस मिनिटं दिली होती.
शिवणखात्यात मशिनी बंद, पंखे चालू,
शाळेच्या गणवेशांची जांभळी कातरण पायात येत होती.
मी फॉर्म वाटले. पेनंही वाटली,
ती परत यायची नाहीत हे गृहीत धरून.

पगाराचे दोन ते पाच टक्के तुम्ही, तेवढेच कंपनी,
असं फळ्यावर लिहिलं,
बाण काढला, साठाव्या वर्षाभोवती एक गोल.
बायका इसित्शवालाचे घास मळत होत्या.
कुणाची मान हलली;
माझ्यासाठी की मिठासाठी, कळलं नाही.

मग मागून नोमाखोसी ड्लोड्लो म्हणाली,
"हे विटांत सांग."

मी हसले. ती हसली नाही.

तिचा बाप बुलावायोच्या रेल्वेत सिग्नलवर,
एकतीस वर्षं.
दर महिन्याला कापले गेले, न चुकता.
शेवटी एक पाकीट आलं,
त्यावरचं तिकीट आतल्या रकमेपेक्षा महाग.
बाप रडलाबिडला नाही.
तिकीट न फाटता सुटेल का, एवढंच विचारलं
आणि किटली चढवली वाफेसाठी.

तेव्हापासून दर पगाराला चाळीस विटा.
काउड्रे पार्कच्या प्लॉटवर भिंत खिडकीपर्यंत आली आहे,
खिडकी अजून नाही.
एका वर्षी हौसेनं सिमेंट घेऊन ठेवलं, सहा पोती.
ओल लागली, सहाच्या सहा दगड झाली.
"आता पाहुणे बसतात त्यांच्यावर," ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा सगळ्या हसल्या.

माझ्याही आईच्या स्तोत्रांच्या पुस्तकात
खूण म्हणून चौदा शून्यांची नोट आहे.
हे मी बोलले नाही.
मला त्याचा पगार मिळत नाही.

खडू घेऊन मी हिशेब मांडला,
आजचा विटेचा भाव, तिची उरलेली अठरा वर्षं.
तीन खोल्या होत होत्या, वर एक संडास.
"आणि तेव्हा विटेचा भाव काय असेल?"
"ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्या वीस मिनिटांत
हे एकच वाक्य सगळ्यांनी चावणं थांबवून ऐकलं.

तेवीसपैकी अकरा सह्या झाल्या.
नोमाखोसीची दोन टक्क्यांवर.
पेन तिनं केसांत खोचून नेलं.

संध्याकाळी कोंबीच्या खिडकीतून ती दिसली,
वीटवाल्याच्या ढिगापाशी, एकटीच.
एक वीट दुसरीवर आपटायची, कानाशी धरायची,
बद्द वाजली की बाजूला.
घाई नव्हती तिला.

दुपारी सहीआधी
ती माझ्याकडे अशीच बघत होती, मान जराशी कलती करून,
आणि मला वाटलं होतं
तिला ऐकायला कमी येतं.