हँडब्रेक

सीटच्या खाली एक दांडी असते,
ती ओढली की सीट पुढे सरकते,
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.
ह्यांच्या लांब पायांना बेतलेली ती सीट
अकरा महिने तशीच होती.
ओढली. कर्रर्र करत चार खाचा पुढे आली.
चार खाचा!
एवढ्यासाठी मी तीस वर्षं
डावीकडे बसून नकाशे धरले.

मॉरीन अ‍ॅक्रॉइड शिकवते.
पूर्वी शेफिल्डात बस चालवायची.
खोकल्याची गोळी गालात ठेवून म्हणते,
"लव्ह, स्टिअरिंगचा गळा आवळू नकोस,
ते काही पळून जात नाही."

पहिल्या परीक्षेत राउंडअबाउटला
मी इतकी सभ्यपणे वाट पाहिली
की मागच्या माणसाचं जेवण उरकलं असतं.
दुसऱ्या वेळी सायकलवाल्याला वाट दिली
आणि वर नमस्कार केला.
दोन्ही हातांनी.
तिसऱ्या वेळी चढ.

ब्लेक स्ट्रीट इतका उभा
की पायी चालणाऱ्यांसाठी कठडा लावलाय.
अशाच एका चढावर थांबायला सांगितलं.
मागे व्हॅन,
समोर रस्ता नाहीच, नुसतं आभाळ,
शाळेच्या स्कर्टसारखं राखाडी.
हँडब्रेक सोडला आणि गाडी
हातभर मागे गेली.
हातभरच.
परीक्षकानं काही न बोलता
टॅबलेटवर बोट टेकवलं.

लेकीला फोनवर सांगितलं, परीक्षा पुढे ढकलली.
मग भांडी घासली.
मग ह्यांच्या फोटोशी भांडले,
"शिकवतो, शिकवतो म्हणत होतात ना?
पुढच्या उन्हाळ्यात?
कुठल्या?"

पुढच्या बुधवारी मॉरीननं मला
थेट ब्लेक स्ट्रीटच्या मध्यावर थांबवलं.
"वर बघू नकोस. आरशातही नको.
क्लच हळूहळू सोड.
एका जागी गाडी थरथरेल, नाक उचलेल.
तिथे थांब."
मग? मी विचारलं.
"मग काही नाही. तिथे थांब."

धीर म्हणजे छाती काढून पुढे जाणं,
असं मी समजत आले.
ही जागा तशी नव्हती.
वर जात नव्हते, खाली येत नव्हते,
अख्खं इंजिन तळपायात धडधडत होतं
आणि डावा पाय करंगळीएवढा उचललेला,
तेवढाच.

अगं, हा पाय तर माझ्या ओळखीचा!
मशीनचं पायडल मी डाव्या पायानं दाबते,
दुकानात सगळ्या हसतात.
कॉलरच्या टोकाशी येताना
हाच पाय असा अर्ध्यावर थांबतो,
एक टाका, अजून एक,
सुई कापडात रुतवून ठेवायची
आणि मग कापड वळवायचं.
हाच पाय अकरा महिने सकाळी
पलंगावरून खाली सोडला
की सपाता शोधत तरंगत राहायचा.
मी त्याला भित्रा म्हणत होते.

हँडब्रेक सोडला.
गाडी मागे गेली नाही.
पुढेही गेली नाही, थोडा वेळ.
व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला,
मॉरीननं काच खाली करून त्याला
जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.
मग आम्ही वर गेलो.
वर काही नव्हतं. एक कचराकुंडी, एक मांजर.
तिनं मला खोकल्याची गोळी दिली.

चौथी परीक्षा चौदा तारखेला आहे.
लेकीला आता खरं सांगितलंय, तिन्ही वेळचं.
ती म्हणाली, पास झालीस तर कुठे जाशील, समुद्रावर?
नाही.
मागच्या खोलीत ह्यांची व्यायामाची सायकल आहे,
साखळी तुटलेली.
ती भंगारात टाकायची आहे.
शहराबाहेर, पाच मैल.
एक चढ लागतो वाटेत.