बांधणीला आलेलं पुस्तक

आवळेबाई पुस्तक घेऊन आल्या तेव्हा
समोर भोपळ्यांना पॉलिश चालू होतं.
मिरजेच्या आमच्या गल्लीत भोपळा खात नाहीत,
त्याला तारा लावतात.

पुस्तक कसलं, पानांची मोळी.
पाठ गेलेली, दोरा कुजलेला.
अमेरिकेत छापलेलं, स्वयंपाकाचं.
त्यांचे पणजोबा शांतवन आवळे
इस्पितळाच्या बंगल्यात खानसामा होते.
मडम परत जाताना देऊन गेल्या.
बाई म्हणाल्या, ट्रंकेत सोनं निघेल वाटलं होतं.

मी पानं आकड्यावरून लावतो, वाचत नाही.
पण समासात शिसपेन्सिलीनं मोडी होती
आणि मोडी मला येते.

छापील मजकूर म्हणतो, लोणी अक्रोडाएवढं.
शांतवन: अक्रोड पाहिला नाही. लिंबाएवढं घेतलं.
छापील: भट्टीत हात धरून वीस मोजा.
शांतवन: बाभळीचा जाळ. बाराला हात मागे.
एका केकपाशी नुसतंच: बसला.
पुढच्या खेपेला: परत बसला. मडम बोलल्या नाहीत.

मग एक पान, चिकट, जाड,
इंडियन पुडिंग.
मक्याचं पीठ, दूध, उसाचा काळा पाक.
पाक मिळेना. कवलापूरच्या गुऱ्हाळातून काकवी आणली.
त्याखाली बारीक अक्षरात:
आपलं नाव छापलेलं पाहून बरं वाटलं.
मडम हसल्या. म्हणाल्या, ते इंडियन निराळे,
आमच्या आधीपासून तिथं राहणारे. मका त्यांचा.
विचारलं, ते आता कुठं असतात?
म्हणाल्या, दूध ढवळ, खाली लागेल.

आवळेबाई स्टुलावर बसल्या.
"इंडनपुडी," म्हणाल्या,
"आमच्यात नाताळला होते.
मला वाटायचं, गावाकडचा शब्द आहे."

नवी बांधणी झाली की
तिन्ही कडा यंत्रावर सारख्या करायच्या असतात,
नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, काम कच्चं.
पातं खाली आणलं.
समासाच्या टोकाला "बारा"चा "रा" होता.

वर घेतलं.

पुस्तक वेडंवाकडं गेलं.
पैसे देताना बाईंनी कडेवरून बोट फिरवलं,
काही बोलल्या नाहीत.
समोर कुणीतरी तार ताणून पाहत होतं,
अजून लागली नव्हती.