पांढरं काहीतरी

लोटनआप्पांनी कॅमेरा दिला तो भुसावळचा, जुना,
पट्ट्याला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास.
म्हणाले, पोरी, आधी उलटा हिशेब शीक.
आकडा लहान, तर भोक मोठं.
एक पॉइंट आठ म्हणजे दार सताड,
सोळा म्हणजे भिंतीतली फट.
मी गणितात कच्ची, पण हे लगेच कळलं:
आमच्याकडे मोठ्या आवाजाची माणसं
नेहमी थोडंच सांगत आली.

मग शटर.
सावद्याच्या बाहेर ट्रक भरत होते,
घड हातोहात चाललेले.
सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याला माणसं धुराची झाली,
घड नुसता हिरवा ओरखडा.
पाचशेव्या हिश्श्याला एक घड हवेत थांबला
दोन माणसांच्या मध्ये,
अजून कुणाचाच नव्हता.

आयएसओ मी आपली आपण वाढवून पाहिला,
रात्री, आईच्या चुलीपाशी.
चित्र आलं, पण कळण्याच्या भाकरीसारखं,
अंगभर काळे ठिपके.
आई म्हणाली, बरं आहे की. जेवून घे.

सेन्सरचं मात्र मला झोपेतही आठवतं.
टपाल तिकिटाएवढी जागा, तिच्यात लाखो खळगे
उजेड पाण्यासारखा साठवणारे,
आणि एकालाही रंग कळत नाही.
प्रत्येकाच्या तोंडावर एकेक रंगीत काच:
दोन हिरव्या, एक लाल, एक निळी, पुन्हा दोन हिरव्या,
आमचा रावेर तालुका मोजून बसवल्यासारख्या.
लाल खळगा हिरवं शेजाऱ्याला विचारतो,
हिरवा निळ्याला,
असं विचारत विचारत लुगड्याचा रंग ठरतो.
म्हणजे गावच.
तिसरा हिस्सा पाहिलेला,
बाकीचं शेजारून ऐकलेलं.

शुक्रवारी दुपारी रुबाब तडवी म्हणाले, मव्हा एक काढ.
घड कापतात, पालच्या बाजूचे.
कशाला, ते मी विचारलं नव्हतं.
"आधारवरचा मी नई. तो कोनी चोर आहे."

केळीच्या बागेत भर बाराला उजेड हिरवा असतो,
पानांतून गाळून आलेला.
पडद्यावर त्यांचा चेहरा कैरीच्या रंगाचा.
कॅमेऱ्याला आधी पांढरं दाखवावं लागतं,
हे बघ, हे पांढरं, इथून मोज.
पण आणायचं कुठून?
त्यांच्या सदऱ्यावर चिकाचे काळे डाग, कितीतरी हंगामांचे,
माझी ओढणी हळदी, पाण्याचा कॅन निळा,
वही स्टुडिओत राहिलेली.
मी गोल फिरून आले. सगळं हिरवंच.
तेव्हा त्यांनी कानात बोट घातलं
आणि अत्तराचा फाया काढून तळहातावर ठेवला.
"हा चालंल?"

लेन्स अगदी टेकवायला आले.
फोकस लागला नाही, लागायची गरजही नसते.
धूसर, किंचित पिवळा एक ढग.
बटण दाबलं, कॅमेऱ्याने मानलं.
मग मीटर दोन खुणा खाली आणला,
कारण त्याला जग सगळं राखाडी हवं असतं,
काळा माणूस दिसला की तो गोरा करायला धावतो.

हात मागे बांधून ते उभे राहिले.
आरसा वर उचलला गेला, खट्,
आणि तेवढ्यापुरता माझ्या डोळ्यापुढे अंधार.
आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
जो क्षण घेशील, नेमका तोच तुला दिसणार नाही.

त्यांनी पडद्यावर दोन बोटं फाकवली,
या कॅमेऱ्यात तसं मोठं होत नाही.
मग लहानच बघत राहिले बराच वेळ.
"डोये उघळे आहेत," म्हणाले,
फाया परत कानात ठेवला, विळा उचलला.

फाया पिवळट होता म्हणून फोटो जरा निळा आलाय.
आप्पा म्हणतात, एका मिनिटाचं काम, सुधार.
मी अजून उघडलेला नाही.