वॉचमन

कोलासो मॅडम प्रत्येकीला एकेक रबरबँड देतात.
जोर जिथे, तिथे ताणायचं. पुढचं सैल सोडायचं.
मालाड, सहावा मजला, रात्री साडेनऊची बॅच,
एसी इतका की बोटं रबरासकट आखडतात.

ब्लॅकबोर्ड. ताण, सोड.
टूथब्रश. ताण, सोड.
माझी पाळी आली तेव्हा फळ्यावर होतं
वॉचमन.

मी अक्षरं मोजली, चार.
मॅडम म्हणाल्या, अक्षरं नको, टाळ्या मोज. दोनच.
पहिली वाजव. दुसरी नुसती
हात जवळ नेल्यासारखी.
‘मन’ म्हणू नकोस. ‘मॅन’ तर मुळीच नको.
म आणि न, मधे जेमतेम श्वास.
माणूस गिळायचा, म्हणाल्या,
आणि बॅच हसली.

दहावीला करंगुटकर बाईंनी घोकून घेतलं होतं :
तत्पुरुषात दुसरं पद प्रधान.
देवघर म्हणजे शेवटी घर,
पोळपाट म्हणजे शेवटी पाट.
त्या हिशोबाने

मी पुढे काही बोलले नाही. रबर ताणलं.

कांदिवलीला, शांतिदीपच्या गेटवरच्या वहीत
दर रात्री निळ्या शाईत लिहिलेलं असतं :
वाचमन, धाकू अर्जुन घाडी.
पहिलीत असताना मला ती आज्ञा वाटायची.
वाच, मन.
मोठ्याने वाचायचे मी, पाहुण्यांची नावं,
टेम्पोचे नंबर, आत, बाहेर.
त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

आणि चौथ्या मजल्यावरून हाक यायची,
वॉचमॅऽऽऽन, टँकर आला, पंप लाव.
तिथे पहिलं पद नुसतं घसा साफ करायला.
सगळा ताण दुसऱ्यावर,
गॅलरीपासून गेटपर्यंत.
ते उठायचे ते त्या दुसऱ्यावरच.

मॅडमनी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.
चांगलं गिळलंस, असं काही म्हणाल्या नाहीत,
पण अर्थ तोच.

सव्वाचारला कंपनीची गाडी गेटशी थांबते.
ड्रायव्हर हॉर्नवर हात नेतो,
मी म्हणते, थांब, आणि काच खाली करून
हाक मारते, आबा.
दोन टाळ्या. दोन्ही गुरू.
कुठलीच सैल सोडता येत नाही.

कडी सरकवता सरकवता त्यांना
माझ्या मनगटावरचं रबर दिसलं.
दे इकडे, म्हणाले,
दुधाच्या कुपनांना हवंच होतं.