चौसष्टावा हिस्सा

जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट,
तसे 'आने-मेटे'चे हिस्सेही चौसष्ट.
मार्स्टालच्या गल्लीत ज्याला त्याला आपला पैसा ठाऊक:
वीस कप्तान ग्रूबेचे, नऊ दोरखंडवाल्याचे,
पाद्रीबाईंचे दोन (त्या कुणाला सांगत नसत),
आणि एक
शिडं शिवणाऱ्या आबेलोने क्रोमानचा.
वादळाच्या रात्री ती अंथरुणात हिशेब करायची,
माझा पैसा नेमका कुठला?
सुकाणूचा दांडा? आचाऱ्याची चूल?
की तळाशी पाणी झिरपतं, ती फळी?

तीन डोलकाठ्या, ओक लाकडाचं अंग.
नाव मालकाच्या मुलींचं: आने थोरली, मेटे धाकटी.
जहाज पाण्यात उतरायच्या आधीच मेटे गोवराने गेली,
पण अक्षरं कोरून झाली होती
आणि कोरलेलं नाव खोडणं अपशकुनी.
म्हणून अठरा वर्षं दोघीही हिंडल्या,
पोर्तुगालचं मीठ न्यूफाउंडलंडला,
त्याच मिठातली मासळी पुन्हा पोर्तुगालला.
थंडीत दोरांवर मनगटाएवढा बर्फ चढे,
खलाशी लाकडी हातोड्यांनी तो फोडत,
लयीत, जणू कांडण चाललंय.
घरी परतलेल्या माणसांच्या अंगाला
आठवडाभर मासळीचा वास.
बायका म्हणत, येऊ दे.
वास येतोय म्हणजे माणूस आलाय.

मग युद्ध आलं. दुसऱ्यांचं.
रंगारी येप्पेने फळीवर बसून, लोंबकळत,
दोन्ही कुशींवर पुरुषभर अक्षरांत लिहिलं: डेन्मार्क.
शेजारी झेंडा, तांबड्यावर पांढरी फुली.
आम्ही यात नाही, हे लांबून वाचता यावं म्हणून.
आबेलोने धक्क्यावरून बघत म्हणाली,
"एवढं मोठं घाबरलेला माणूसच लिहितो."

एप्रिल, सतरा साल. आयर्लंडच्या पश्चिमेला.
आइसलंडला निघालेलं मीठ पोटात,
वारा मंद, पाण्यावर साय धरल्यासारखी.
पाणबुडी वर आली तीही सावकाश,
डबक्यातून म्हैस उठावी तशी.
अधिकारी कोवळा, सर्दीने बेजार,
रुमाल नाकाला लावूनच त्याने सलाम केला.
अक्षरं वाचली त्याने. नीट वाचली.
मग म्हणाला, दहा मिनिटं.
त्याच्या माणसांनी डुकराची तंगडी नेली,
जहाजाचं घड्याळ, दिव्याचं तेल, कांद्यांची माळ,
आणि त्या सगळ्याची पावती दिली, सहीनिशी.
बॉम्बचा आवाज फार झाला नाही.
म्हातारं माणूस पलीकडच्या खोलीत खोकलं, एवढाच.
समुद्राचं मीठ समुद्राने परत घेतलं;
चव काही बदलली नाही.

होड्या दोन होत्या.
कप्तानाची तिसऱ्या दिवशी मच्छीमारांना सापडली.
दुसरीचा कंदील पहाटेपर्यंत दिसत होता,
असं सगळेच सांगतात.
तिच्यात आबेलोनेचा एस्किल होता.
सोळाचा. पहिलीच सफर.

जूनमध्ये ग्रूबे तिच्या दारात आला,
टोपी हातात, विम्याचे पैसे पाकिटात,
चौसष्टावा हिस्सा, पै न् पै.
तिने मोजले नाहीत.
खुर्ची पुढे सरकवली, कॉफी दिली,
(कॉफी कसली, भाजलेली राय; खरी कुठे मिळत होती)
आणि बराच वेळ सुईत मेणाचा दोरा ओवत राहिली.
मग विचारलं,
"मधल्या शिडाची शिवण उसवली का?"

"नाही," तो म्हणाला.
"शिडं उभी असतानाच गेली ती.
पाणी चढत गेलं, एक टाका सुटला नाही.
खाली गेल्यावरही थोडा वेळ
शिड फुगलेलंच दिसत होतं,
जणू तिथेही वारा आहे."

तिने मान हलवली.
दुसरा प्रश्न तिने विचारला नाही.
तो कॉफी संपल्यावरही
रिकामा पेला हातात धरून बसला होता,
त्याच प्रश्नासाठी.