शाकारणी

कुंदन पावसे हर्णैच्या बर्फ कारखान्यात आहे.
होड्या वर ओढल्या, बर्फ थांबला,
हात रिकामे झाले.
रिकाम्या हातांनी त्यानं कुरियरनं पाइप मागवला,
चकचकीत ॲल्युमिनियम, टोकाला लाल फिल्टर,
आणि मोबाइलवर बघत बघत स्वतःच बसवला.
कंपनीचा काळा डबा माळ्यावर टाकला.

आता आसूदच्या चढावर गाडी हुंकारते.
मान्य. मीही पाना खाली ठेवून बघतो.

पण बाबा, तू तिचं नाक
बंपरच्या आत, फॉगलॅम्पच्या मागं,
रस्त्यापासून वीतभर उंचीवर नेऊन ठेवलंस.
थंड हवा तिथं असते, खरं आहे.
आषाढही तिथंच असतो.

आडनाव पावसे, आणि हेच विसरलास?

त्या खिळ्याकडे बघ.
टांगलाय तो कनेक्टिंग रॉड,
केळशीच्या एका डॉक्टरच्या गाडीचा.
गरीसारखा वाकलाय.
हवा दाबली की दबते.
पाणी दबत नाही, पाणी म्हणतं तूच वाक.
पेलाभर पुरतं.
एकदाच वाजतं, ठक्, पत्र्यावर नारळ पडावा तसं,
आणि पुढची शांतता साठ हजारांची.

वरून पडणाऱ्याला घाबरू नकोस.
चार थेंब ती गिळते, शिंकतही नाही.
भिजणं वेगळं, बुडणं वेगळं.
मला भीती खालच्या मोरीची,
जिथं बागांतले पाट फुटून रस्त्यावर येतात,
रंग चहाचा, तळ दिसत नाही.

माझा बाप होड्यांची इंजिनं बघायचा.
मे सरता सरता होडी झापांनी शाकारली
की धुराड्यावर करवंटी पालथी घालायचा
आणि वर एक धोंडा.
इथं काय झाकत नाहीत?
पडवी, लाकडं, मिठाची बरणी,
लावणीच्या बाईची पाठसुद्धा इरल्याखाली असते.
लाज काय ती तुझ्या लाल फिल्टरलाच.

डबा परत घाल, दिवाळीला पाइप लाव, मी म्हटलं.
तो नाही म्हणाला.
तासभर भांडलो, बोनेट उघडं, दोघांच्या पाठी ओल्या.

मग पाइप कापला.
फिल्टर वर घेतला, हेडलाइटच्या मागं.
चाकाच्या आतलं प्लास्टिक त्यानं काढून फेकलं होतं,
ते त्याच्याच कोंबड्यांच्या खुराड्यावरून काढून आणलं.
सगळ्यात खालच्या वळणाला बारीक भोक पाडलं,
आलेल्या पाण्याला जायची वाट हवी,
न्हाणीघरालासुद्धा असते.

फिल्टरवर घालायला त्यानं छत्रीचं कापड आणलं.
तोंडाला लाव, म्हटलं, आणि फुंकर मार.
गाल फुगले, पलीकडे काही नाही.
मग आईचा रेनकोट. तेच.
अरे, थेंब अडवायचाय, श्वास नाही.
शेवटी चिपळूणहून काळा मोजा मिळाला:
पाणी घरंगळतं, फुंकर पोचते.
आवाज जरा उतरला. त्याचा चेहराही.

परवा रात्री साडेनऊला
पागोळ्या नव्हत्याच, सरळ भिंत पडत होती,
त्यातून तिचा हुंकार ओळखला.
उतारावरून आला, मोरीपाशी आला
आणि थांबला.

मी भरल्या ताटावरून उठलो.
टॉर्च, पाना, दोरखंड. पाना कशाला, देव जाणे.

मोरीवर कुंदन पाण्यात उभा होता,
हातात माडाची पिढी, पाऊल चाचपत,
पाठीवर हेडलाइटचा उजेड.
गाडी अलीकडे, कोरडी,
हळूहळू श्वास घेत.

"मांडीला लागतंय, बाबूभाई," तो ओरडला,
"आज तुमच्याकडेच झोपतो."

डाळ निवली होती. पुन्हा गरम केली.