पांढऱ्यावर नारळ

सकाळी साडेपाचला आगरवाड्याच्या बांधावर
मी दोन तास ओणवा होतो.
शापोऱ्याचं पाणी नुकतंच आत घेतलेलं,
द्वारकाबाय फळीनं मीठ ओढत होती,
तेवढाच आवाज.
बाकी धुकं.

चार दिवसांनी मेल आली: नाकारलं.
कारण, नॉइज.

आता कोणाला सांगू,
इतकी शांत सकाळ मी परत पाहिली नाही.

दुसऱ्या फोटोत तिचा चेहरा होता.
त्याला संमतीपत्र हवं, इंग्रजीत, दोन पानी.
बांधावर बसून मी तिला समजावलं:
तुझी छबी, कायमची, कुठल्याही कामासाठी,
संपूर्ण विश्वात.
ती एवढी हसली की पदर तोंडात धरला.
'विश्वांत कोण पळयतलो म्हजें तोंड?'
मग अंगठा दिला. निळी शाई
मिठानंच घासून काढली.
तोही नाकारला.
मीठ फार पांढरं आलंय म्हणे.

विकतो तो नारळ.
म्हापशाहून बारा रुपयांचं कार्डशीट आणलं,
खिडकीत उभं केलं, पुढे परसातला एक नारळ.
सात मिनिटांचं काम.
खाली पन्नास शब्द लिहायचे असतात, शोधणाऱ्यांसाठी:
नारळ, ताजा, आरोग्य, सुट्टी, गोवा, आनंद.
आनंद लिहिताना हात जरा अडला, इतकंच.
एकशे अठरा वेळा गेला तो,
कधी पंचवीस सेंट, कधी दहा.
खऱ्या नारळाचं त्याच रात्री बांगड्याचं हुमण झालं,
करवंटी चुलीत गेली,
आणि तो अजून विकतोय.

तीन वर्षांचे एकतीस डॉलर चाळीस सेंट
पडद्यावर दिसतात.
शंभर होईपर्यंत हातात पडत नाहीत.
बायकोनं विचारणं सोडलंय.
द्वारकाबायनं नाही.
रस्त्यात दिसलो की लांबूनच,
'खपलो काय रे म्हजो फोटो?'

गेल्या शिगम्यात तिला प्रिंट नेऊन दिली,
तीच, फार पांढऱ्या मिठाची.
ओले हात पदराला पुसून
तिनं कडेकडेनं धरली,
डोळे बारीक करून बराच वेळ पाहिली.
चेहऱ्याकडे नाही. मागच्या राशीकडे.
'हीच ती रास,' म्हणाली,
'पेडण्याचो व्यापारी भाव पाडून व्हरून गेल्लो ती.
कितली पांढरी जाल्ली, पळय.'